डफसाहेबांच्या गावची पुस्तकं

“तुमची माणसं बॅन्फची का?”

स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या आजींनी मला हे विचारलं. विचारण्यात खोच नव्हती. माझ्या हातात बॅन्फ या तिथल्या किनारी गावाच्या जुन्या नोंदींचा, ‘ॲनल्स ऑफ बॅन्फ’चा पहिला खंड होता, आणि त्यांच्या आजवरच्या अनुभवात असलं पुस्तक विकत घेणारी माणसं एकाच प्रकारची: कॅनडा-ऑस्ट्रेलियातून आलेली, खापरपणजोबांचं थडगं शोधत फिरणारी. माझा चेहरा त्या हिशेबात बसत नव्हता. मी म्हटलं, माझी माणसं साताऱ्याची, पण बॅन्फच्या एका माणसाने आमच्याकडचा, मराठ्यांचा इतिहास लिहिलाय. “कोण बरं?” जेम्स ग्रँट डफ, मी सांगितलं. आजींनी क्षणभर छताकडे पाहिलं. “डफ आमच्याकडे ढिगाने झाले. हा काही ऐकला नाही.” आणि पावती फाडून त्यांनी माझ्या हातात दिली.

बसमध्ये बसल्यावर मला ते लागलं. म्हणजे नेमकं काय लागलं तेही कळेना. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला कंपनीचा अधिकारी असलेल्या या ग्रँट डफचं नाव आमच्या घरी दोन वेगळ्या सुरांत घेतलं जाई. आजोबा शाळेत इतिहास शिकवायचे. सनावळी हवी असली की ‘डफ बघ’ म्हणायचे, आणि संध्याकाळी मित्रमंडळी जमली की तोच डफ ‘कागद जाळणारा’ व्हायचा. त्याने साताऱ्याचे दप्तर वापरून झाल्यावर नष्ट केलं, हा आरोप आमच्याकडे आंब्याच्या लोणच्याइतका मुरलेला. नीळकंठ कीर्तन्यांनी डेक्कन कॉलेजात शिकता शिकता १८६७च्या सुमाराला त्याच्या इतिहासाची जी चिरफाड केली, ती आजोबा अशा थाटात सांगायचे की जणू समोरच्या वाड्यात काल घडलं. न्यायमूर्ती रानड्यांनी तर आपलं पुस्तकच, मराठ्यांचा उदय म्हणजे ‘सह्याद्रीतला वणवा’ या त्याच्या उपमेला उत्तर देत सुरू केलं. ज्या माणसाशी आपण दीडशे वर्षं तावातावाने भांडतो आहोत, त्याच्या गावाजवळ राहणाऱ्या, पुस्तकांतच बसलेल्या बाईंना तो ठाऊकही नाही! जरा हलकं वाटलं, जरा अपमान झाल्यासारखंही. भांडणाला समोरचा माणूस नसला की आपलाच आवाज फार मोठा वाटायला लागतो.

पुस्तक घरी आणून उघडलं तर अर्ध्याहून अधिक पानांच्या कडा कापलेल्याच नव्हत्या. १८९१ साली छापलेला खंड, आणि इतक्या वर्षांत कुणी शेवटापर्यंत गेलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरातली बिनधारेची सुरी घेतली आणि वाचत वाचत पानं सोडवत गेले. जाड कागद, फाटताना बारीक भुसा पडायचा, मांडीवर साठायचा. वास धुळीचा नाही, थंड दगडी खोलीचा. विल्यम क्रॅमंड हे संपादक. बॅन्फपासून पश्चिमेला कलन नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे, तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. जुने कागद छापणाऱ्या ॲबर्डीनच्या न्यू स्पॉल्डिंग क्लबने त्यांचे हे दोन खंड काढले, दुसरा १८९३मध्ये. इतिहास म्हणून कुणी हातात घेतलं तर निराशा व्हावी असं पुस्तक. कथा नाही, नायक नाही. नगरपालिकेची इतिवृत्तं, चर्चच्या पंचांच्या नोंदी, दंड, दुरुस्त्या, बंदराची डागडुजी, कुणाला कशाबद्दल तंबी दिली त्याचे उतारे, एकामागून एक. क्रॅमंड मधे फार बोलत नाहीत. शाळामास्तरांच्या सवयीने फक्त बोट दाखवतात.

चर्चच्या पंचांच्या नोंदी तर कादंबरीवर मात करतात. रविवारी काम केलं, पाणी भरलं, दारू पिऊन आरडाओरडा केला, लग्नाआधी मूल झालं. प्रत्येकाला बोलावणं, साक्षी, आणि मग भर प्रार्थनेत सगळ्यांसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसायची शिक्षा. या क्रॅमंडमास्तरांनी १८८८मध्ये एक वेगळीच पुस्तिका काढली होती: बॅन्फशायरमधल्या, म्हणजे बॅन्फभोवतीच्या काउंटीतल्या, अनौरस जन्मांवर, आकडे आणि मतांसह. स्कॉटलंडमध्ये या बाबतीत ही काउंटी अगदी वरच्या रांगेत होती. तेव्हाच्या शेतमजुरांचं जिणं पाहिलं तर त्याचं नवल वाटत नाही. सहा-सहा महिन्यांच्या करारावर पोरं-पोरी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायची, लग्न करून बिऱ्हाड थाटायला झोपडी मिळायची नाही. पण मला नवल वाटलं ते मास्तरांचं. ज्या गावात राहायचं, ज्यांची मुलं शिकवायची, त्या गावाबद्दल असं छापायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन हजेरी घ्यायची. आपल्याकडे गावाचा इतिहास लिहिणारे मास्तर मी पाहिलेत, आजोबा त्यांतलेच. त्यांच्या वह्यांत ग्रामदैवत आहे, स्वातंत्र्यसैनिक आहेत, विहिरी आणि दुष्काळही आहेत. कुणाचं नाव घेऊन खाली मान घालायला लावणारी एक ओळ नाही. ते सौजन्य होतं की भीती, हे मी आता त्यांना विचारू शकत नाही.

या मंडळींना लिहायची खोड लागली ती त्याआधी शंभर वर्षांपासून. केथनेसच्या सर जॉन सिंक्लेअर यांनी स्कॉटलंडभरच्या नऊशेहून अधिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, धर्मगुरूंना दीडशेवर प्रश्नांची यादी धाडली: तुमच्याकडे माती कशी, रोग कोणते, मजुरी किती, मासे कोणते, लोक कसे. उत्तरं येईनात तेव्हा पुन्हा पुन्हा पत्रं पाठवली. १७९१ ते १७९९ या काळात त्याचे एकवीस खंड निघाले. बॅन्फशायरची पानं मी वाचली ती यातलीच. धर्मगुरू म्हणजे गावातल्या मोजक्या शिकलेल्या पगारी माणसांपैकी एक. त्याला कुणी तरी पहिल्यांदाच ‘तुला काय दिसतं?’ असं विचारलं होतं, त्यामुळे ही उत्तरं नुसती आकडेवारी राहत नाहीत. मजुरी वाढल्याची कुरकुर, चहाच्या नव्या व्यसनाबद्दल नाक मुरडणं, नावांच्या व्युत्पत्तीवर विनाकारण खर्च केलेली पानं, आपल्याच घराचं छप्पर गळतं हा हळूच घुसडलेला मजकूर. छापील प्रश्नाला दिलेलं खासगी उत्तर, ही मला या सगळ्या लेखनाची खरी चव वाटते.

आणि इथे वाचता वाचता माझं बोट थांबलं. ही मांडणी मी आधी पाहिली होती. साताऱ्याच्या नगर वाचनालयात आजोबा जो जाडजूड गॅझेटियर समोर ठेवून टिपणं काढायचे, १८८५चा, त्यातही हाच क्रम: माती, पाणी, पिकं, जाती, धंदे, ठिकाणं. मुंबई इलाख्याच्या त्या सगळ्या खंडांमागचे जेम्स कॅम्बेल हे ग्लासगोजवळच्या पार्टिकचे, एका प्रसिद्ध स्कॉटिश धर्मगुरूचे चिरंजीव. त्याही आधी, पेशवाई बुडून दोन-चार वर्षं होतात न होतात तोच, थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरांनी पुण्याजवळच्या लोणी गावाची अशीच बारकाईने नोंद केली: घरं, भांडी, दागिने, कर्ज, खाणं. मुंबईच्या लिटररी सोसायटीने १८२३मध्ये ती छापली. मला त्या वर्णनाचं अप्रूप आहेच. दोनशे वर्षांपूर्वी लोणीच्या बाईच्या स्वयंपाकघरात कोणती भांडी होती, हे दुसरीकडे कुठे मिळणार? पण फरक लख्ख आहे. बॅन्फशायरच्या धर्मगुरूला गळक्या छपराबद्दल रडता आलं. लोणीच्या पाटलाला कुणी प्रश्नावली धाडली नाही. त्याला फक्त प्रश्न विचारले गेले, आणि उत्तर दुसऱ्याच्या हस्ताक्षरात उतरलं.

म्हणून हेवा वाटतो. पुस्तकांचा नाही, त्या कुरकुरीचा.

मग एका शनिवारी बॅन्फला गेलेच. रेल्वे १९६४मध्येच बंद झाली, त्यामुळे बस. बार्लीची शेतं, दगडी कुंपणं, शेतांच्या टोकाला अचानक समुद्र. डेव्हरन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे अलीकडे मॅकडफ, पलीकडे बॅन्फ, आणि मधे सात कमानींचा जुना पूल. वारा असा की बोलायला तोंड उघडलं की शब्द आत ढकलले जातात. नदीच्या वळणावर डफ हाउस, विल्यम ॲडमने बांधलेला दिमाखदार वाडा. आत आता चित्रसंग्रह आहे. आजी म्हणाल्या ते खरंच होतं: डफ इथे ढिगाने आहेत. वाडा डफांचा, समोरचं मॅकडफ गाव डफांनी नाव बदललेलं, आत डोंगरात डफटाउन डफांनी वसवलेलं. ग्रँट हे आमच्या डफसाहेबांचं वडिलांकडचं नाव. ‘डफ’ मागाहून लागलं, आईकडून ईडनची इस्टेट आली त्याबरोबर. जन्म इथलाच, १७८९चा. वडील लवकर गेले, आई मुलांना घेऊन ॲबर्डीनला आली, तिथल्या मारिशल कॉलेजात त्याचं थोडंफार शिक्षण झालं. माझी रोजची बस त्या कॉलेजच्या आताच्या ग्रॅनाइटच्या इमारतीवरून जाते. सोळाव्या-सतराव्या वर्षी हा मुलगा मुंबईला उतरला.

बॅन्फमध्ये ज्याची गोष्ट प्रत्येकाला येते तो मात्र डफ नव्हे. तो डफांनी पकडलेला माणूस. जेम्स मॅकफर्सन: बाप डोंगराळ भागातला जमीनदार, आई जिप्सी, धंदा टोळी घेऊन लूटमार, छंद फिडल, म्हणजे व्हायोलिन. कीथच्या जत्रेत ब्रॅकोच्या डफने त्याला धरलं आणि १६ नोव्हेंबर १७०० रोजी बॅन्फच्या बाजारात फाशी दिली. लोककथा सांगते की त्याने फासाखाली उभं राहून फिडल वाजवलं, ‘कुणी घेतं का’ म्हणून गर्दीपुढे धरलं, कुणी हात पुढे केला नाही तेव्हा मोडून टाकलं. माफीचा हुकूम घेऊन घोडेस्वार निघाला होता, तो पोचायच्या आत उरकावं म्हणून शहराच्या कारभाऱ्यांनी घड्याळ पाव तास पुढे केलं. ते घड्याळ पुढे डफटाउनच्या मनोऱ्यात गेलं असं म्हणतात. स्थानिक इतिहासाची पुस्तकं या कथेला गेली दीडशे वर्षं चिमटे काढत आली आहेत. छापलेल्या निकालपत्रात फाशीची वेळ दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान अशी मोकळी ठेवलेली आहे. मग पाव तास पुढे करून काय साधलं? पण गावाला कथा हवी आहे. पुस्तकं कपाटात राहतात, कथा रस्त्यावर फिरते. तळटीप लिहिणाऱ्यांचं दुःख सगळीकडे सारखंच.

मला त्या फाशीच्या जागी उभं राहून भलताच विचार आला. डफसाहेब ज्या गावात जन्मले तिथे डोंगरातून उतरून येणारे, गुरं पळवणारे, जहागिरदारांना न जुमानणारे लोक ही आजीच्या तोंडची गोष्ट होती. डोंगरी बंडखोरांना चिरडायला निघालेली कंबरलंडच्या ड्यूकची सरकारी फौज कलोडनच्या लढाईला जाताना बॅन्फवरून गेली त्याला त्याच्या जन्माच्या वेळी उणीपुरी त्रेचाळीस वर्षं झाली होती. सखल किनाऱ्यावरच्या जमीनदार घराण्याचा हा मुलगा सह्याद्रीकडे पाहतो तेव्हा त्याला डोंगर म्हणजे काय, किल्ला म्हणजे काय, हे आधीच ‘माहीत’ असतं. शिवाजी महाराजांच्या कारभाराची, शिस्तीची तो तारीफ करतो, कागद लावतो, साल ताडतो, आणि तरी एकूण गोष्टीला उपमा देतो ती वणव्याची. वाळलेलं गवत, ठिणगी, भडका. रानड्यांना राग आला तो इथे: वणवा आपोआप पेटतो, राज्य आपोआप उभं राहत नाही. बॅन्फशायरच्या माळांवर मात्र आग वेगळी असते. वसंतात मुद्दाम, पट्ट्यापट्ट्याने, वारा पाहून हेदरची झुडपं जाळतात, की कोवळे कोंब यावेत, मेंढ्यांना आणि पक्ष्यांना चारा व्हावा. हे जाळणं इतकं जुनं की कोणत्या महिन्यानंतर जाळू नये याचे कायदे मध्ययुगापासून आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेला आमच्याकडेही नाचणीसाठी राब भाजतात. दोन्हीकडची आग पाहिलेल्या माणसाने उपमा निवडताना माणसाच्या हातातली आग सोडली आणि रानातली उचलली. आजोबा असते तर यावर एक संध्याकाळ गेली असती.

बॅन्फच्या वाचनालयातल्या स्थानिक इतिहासाच्या कपाटावर अजूनही ‘बॅन्फशायर’ असंच लिहिलेलं होतं. काउंटी म्हणून तिचा कारभार १९७५मध्ये संपला. आता निम्मी ॲबर्डीनशायरात, निम्मी मरीमध्ये. कचऱ्याच्या गाडीवर तिचं नाव नाही, कराच्या बिलावर नाही, फक्त कपाटावर आहे. त्या कपाटात मी दुपार घालवली. बॅन्फशायर फील्ड क्लब हा १८८०चा: डॉक्टर, वकील, मास्तर, धर्मगुरू एकत्र जमून एकमेकांना निबंध वाचून दाखवायचे, शंख-शिंपल्यांपासून जुन्या पुलांपर्यंत. बकी आणि आसपासच्या कोळीवाड्यांवरची पुस्तकं वेगळीच. तिथे एकेका गावात आडनावं इनमीन चार, नावंही तीच, म्हणून प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव, आणि ते इतकं पक्कं की सरकारी याद्यांत आणि युद्धस्मारकांवरही कोरलेलं. जुनं कलन गाव जमीनदाराने १८२०च्या सुमाराला पाडून थोडं दूर पुन्हा वसवलं, त्याच्यावरही लिखाण आहे. त्याच वर्षांत डफसाहेब साताऱ्यात राजवाड्याजवळ बसून दप्तरं उलटवत होते.

तिथेच टॉमस एडवर्ड भेटले. बॅन्फचे चांभार, घरात अकरा मुलं, दिवसभर ऐरणीवर जोडे आणि रात्रभर किनाऱ्यावर, दगडांच्या कपारीत झोपून, पक्षी आणि किडे पाहत. जमवलेला संग्रह १८४६मध्ये ॲबर्डीनला नेऊन प्रदर्शन मांडलं, कुणी आलं नाही, कर्ज झालं. जीव द्यायला समुद्राकडे निघाले. वाळूवर किनारी पाखरांचा थवा उतरलेला, आणि त्यात एक ओळखू न येणारा पक्षी. ते त्याच्या मागे धावत सुटले आणि मरायचं राहून गेलं. पुढे सॅम्युअल स्माइल्स यांनी त्यांच्या हयातीतच, १८७६मध्ये, चरित्र लिहिलं, राणीकडून वर्षाला पन्नास पौंडांचं पेन्शन आलं, लंडनच्या निसर्ग-अभ्यासकांच्या लिनियन सोसायटीने तर आधीच दखल घेतलेली. बॅन्फमध्ये चांभाराचं नाव आजही निघतं. मराठ्यांच्या इतिहासकाराचं निघत नाही. आधी मला हे विचित्र वाटलं, मग वाटेनासं झालं. एडवर्ड यांनी बॅन्फच्या खडकांवर काय राहतं ते बॅन्फला सांगितलं. डफ यांनी जे सांगितलं त्याचा बॅन्फला काय उपयोग?

डफसाहेबांसाठी शेवटी ‘बुक ऑफ द डफ्स’ काढावं लागलं. अलिस्टर आणि हेन्रिएटा टेलर या भावंडांनी १९१४मध्ये केलेलं, दोन जाड खंड, साऱ्या डफ कुळाची वंशावळ. तिथे ग्रँट डफ वारस म्हणून येतात. कोणाकडून ईडन मिळालं, कोणाशी लग्न, मुलं कोण. थोरल्याचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ, आपल्या जुन्या साहेबाच्या नावावरून ठेवलेलं. तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि तिथल्या समुद्रकिनाऱ्याला ‘मरीना’ म्हणू लागला. बाप मात्र भारतातून तब्येत बिघडवून परतला तो १८२६मध्ये तीन खंड छापून मोकळा झाला, आणि उरलेली तीस-बत्तीस वर्षं डेव्हरनच्या काठी जमीन सुधारत राहिला. १८५८च्या सप्टेंबरात वारला.

ही तीस वर्षं त्या कपाटातल्या पुस्तकांना पुरेशी वाटतात. मला नाही. कारण ती साताऱ्याची पण वर्षं आहेत. ज्या प्रतापसिंह महाराजांना १८१८मध्ये गादीवर बसवलं, ज्यांना या माणसाने कारभार शिकवला आणि १८२२मध्ये तो सोपवला, त्यांना १८३९मध्ये कंपनीने पदच्युत करून काशीला धाडलं. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू घेऊन लंडनला गेले आणि १८५३पर्यंत तिथे दारं ठोठावत राहिले. भाषणं, अर्ज, छापील पत्रकं, उधारी. महाराज १८४७मध्ये काशीतच गेले, १८४८मध्ये राज्य खालसा झालं. ही सगळी वर्षं ईडनला शेतात नांगर चालले, कुंपणं बांधली गेली, झाडं वाढली. एकाच देशात, एका टोकाला रंगो बापूजी आणि दुसऱ्या टोकाला डफसाहेब. बॅन्फशायरच्या पुस्तकांत रंगो बापूजी असायचं कारण नाही, आणि आपल्या पुस्तकांत ईडनची शेतं असायचं कारण नाही. म्हणून हे दोन कागद एकमेकांशेजारी कधी आलेच नाहीत.

वाचनालयातल्या बाईंना मी हे जमेल तसं सांगितलं. त्यांनी न थांबवता ऐकलं आणि म्हणाल्या, आमचं इतिहासप्रेमींचं एक मंडळ आहे, हिवाळ्यात महिन्याला एक निबंध वाचला जातो, चहा असतो, येणारे सगळे म्हातारे, पण प्रश्न बरे विचारतात. तू वाचशील का? मी हो म्हटलं. साताऱ्याच्या बाईने बॅन्फच्या स्थानिक इतिहासात चार पानांची भर घालायची, यात आजोबांना नक्की गंमत वाटली असती, आणि बहुधा त्यांनी आधी माझी सनावळी तपासली असती. लिहायला घेतलंय. डफ अजून साताऱ्याला पोचायचेत. छत्रपती आणि पेशवे यांत मालक कोण हे समजावण्यातच त्या चारातली तीन पानं गेली.